‘मिटलेल्या’ दोन केसेस आणि साक्षांकन नमुन्यातला एक रकाना

प्रश्न : मी सातपूरला राहतो, वय २६. २०१७ साली बारावी झाल्यावर गोकुळाष्टमीच्या रात्री आम्ही सहा-सात मुले वसाहतीमागच्या मोकळ्या जागेत पत्ते खेळत बसलो होतो. पोलिसांनी सगळ्यांना ठाण्यावर नेले, डावावरचे ४८० रुपये आणि पत्ते जप्त केले. पुढे कोर्टात एका वकिलांनी सांगितले, ‘कबूल म्हणा, दंड भरा आणि सुटा.’ त्याप्रमाणे ३०० रुपये दंड भरला. तेव्हा मी सतरा-अठरा वर्षांचा असेन. दुसरी केस २०२१ ची. गाडी लावण्यावरून शेजाऱ्यांशी हातघाई झाली, त्यांनी फिर्याद दिली, ३२३ आणि ५०४ कलमांची केस झाली आणि पुढच्या वर्षी ती लोकअदालतीत आपसात मिटली. आता एका सरकारी कार्यालयात गट ‘क’ पदावर माझी निवड झाली आहे आणि पंधरा दिवसांत साक्षांकन नमुना (पडताळणीसाठी स्वतःची पूर्वीची माहिती लिहून देण्याचा फॉर्म) भरून द्यायचा आहे. दोन्ही केसेस मिटलेल्या आहेत, तर नमुन्यात ‘नाही’ लिहिले तर चालेल का? सीबीएस बसस्थानकाजवळ भेटलेला एक एजंट ४० हजारांत पोलीस रेकॉर्ड साफ करून देतो म्हणाला. रेकॉर्ड कायमचे काढता येते का? आईला पहिल्या केसबद्दल काहीच माहीत नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनात एका शब्दापाशी थांबले. तो शब्द म्हणजे ‘असेन’. ‘तेव्हा मी सतरा-अठरा वर्षांचा असेन’ असे तुम्ही सहज लिहून गेला आहात, पण तुमच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली त्या एका शब्दात असू शकते. त्याकडे मी लवकरच येते. त्याआधी तातडीच्या दोन गोष्टी सांगते, कारण तुमच्या हातात पंधराच दिवस आहेत. नमुन्यात ‘नाही’ लिहू नका, आणि त्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

प्रौढ व्यक्तीने अर्ज करावा आणि न्यायालयाने तिच्या किरकोळ गुन्ह्याची नोंद पुसून किंवा मोहोरबंद करून टाकावी, अशी सर्वसाधारण तरतूद आपल्या देशाच्या कायद्यात नाही. इंग्लंडात १९७४ पासून असा कायदा आहे की ठरावीक वर्षे सरळ वागून काढली, की लहान शिक्षा ‘सरलेली’ मानली जाते आणि बहुतेक ठिकाणी ती सांगावी लागत नाही. आपल्याकडे तसा कायदा व्हायला हवा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण विशीच्या उंबरठ्यावर भरलेल्या ३०० रुपयांच्या दंडाने माणसाचा तिशीपर्यंत पाठलाग करावा हे कोणत्याही अर्थाने न्याय्य नाही. पण तो कायदा होईपर्यंत आपल्याला आहे त्या कलमांतूनच वाट काढावी लागते, आणि तुमच्या बाबतीत तशा वाटा आहेत.

सर्वांत आधी ‘मिटली’ या शब्दाचा गुंता सोडवू. आपल्याकडे कोर्टातून मोकळे होऊन घरी आलेला माणूस ‘केस मिटली’ एवढेच सांगतो, आणि त्या एका शब्दात कायद्याच्या दृष्टीने अगदी उलट असलेले दोन शेवट एकत्र बांधले जातात. तुमची २०२१ ची केस तडजोडीने मिटली. त्या वेळच्या भारतीय दंड संहितेची ३२३ आणि ५०४ ही कलमे ज्याला मार बसला किंवा ज्याचा अपमान झाला त्याला स्वतः मिटवता येत, त्यासाठी न्यायालयाची परवानगीही लागत नसे, आणि त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० च्या आठव्या पोटकलमानुसार अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा असे. म्हणजे त्या केसमध्ये तुम्ही कायद्याने निर्दोष आहात. २०१७ ची केस मात्र तशी मिटलेली नाही. तिथे तुम्ही गुन्हा कबूल केलात, न्यायालयाने तुम्हाला दोषी धरले आणि दंडाची शिक्षा दिली. दंड भरल्याने शिक्षा भोगून झाली, परंतु दोषसिद्धी तशीच उभी राहिली. तुमच्या मनात आज जी केस मोठी आहे, शेजाऱ्यांशी झालेल्या भांडणाची, ती कागदावर लहान आहे, आणि जी तुम्हाला पोरखेळ वाटते तीच मोठी आहे.

हे तुम्हाला त्या दिवशी कोणी समजावून सांगितले नाही याचे मला आश्चर्य वाटत नाही, वाईट मात्र वाटते. किरकोळ खटल्यांच्या दिवशी न्यायालयात काय होते ते मी गेली बावीस वर्षे पाहत आले आहे. बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून पोरे उभी असतात, शिपाई एकामागून एक नावे पुकारतो, सहा-सात जण एका रांगेत आत जातात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ हा प्रश्न येतो, पहिला मुलगा ‘हो’ म्हणतो आणि त्याच्याकडे पाहून बाकीचेही ‘हो’ म्हणतात. दंड भरून पावतीची घडी खिशात गेली, की सगळे चहाच्या टपरीवर. हे सगळे पाच मिनिटांत आटोपते. त्या पाच मिनिटांत आपण स्वतःच्या तोंडाने आपल्या नावावर एक दोषसिद्धी लिहून घेतली, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नसते. खटला लढवला असता तर कदाचित पंचच आले नसते, कदाचित पुरावा उभाच राहिला नसता. पण तारखांना येण्याच्या त्रासापेक्षा ३०० रुपये स्वस्त वाटतात आणि ‘कबूल म्हणा’ हा सल्ला मिळतो. माझ्या व्यवसायातल्या लोकांनी हा सल्ला इतक्या सहज देऊ नये असे मला मनापासून वाटते. निदान नोकरीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलाला त्याचा अर्थ सांगूनच द्यावा.

आता कामाला लागू. सोमवारी सकाळी सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जा आणि दोन्ही खटल्यांच्या नकलांसाठी अर्ज द्या. खटल्याचा क्रमांक आठवत नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर स्वतःच्या नावाने, नाहीतर पोलीस ठाणे आणि गुन्हा क्रमांक घालून शोधा. सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे खटल्याची ओळख पटवणारा क्रमांक, मिळाला की पुढचे सोपे जाते. तिथे सापडले नाही तर २०१७ ची दंडाची पावती घरात कुठे आहे का ते पाहा, कारण तिच्यावर क्रमांक असतो. नक्कल मागताना फक्त शेवटच्या आदेशाची मागू नका. रोजनामा (खटल्यात कोणत्या तारखेला काय झाले त्याची न्यायालयातली नोंद), तुमचा जबाब म्हणजे कबुली जिथे नोंदवली आहे तो कागद, आणि दोषारोपपत्राचे पहिले पान, हे तिन्ही मागा. जुन्या किरकोळ खटल्यांची कागदपत्रे ठरावीक काळानंतर नियमाने नष्ट केली जातात, म्हणून मी घाई करायला सांगते आहे. कागद नष्ट झालेले असतील तर तसे लेखी उत्तर घ्या. एक गैरसमज मात्र इथेच दूर करते. फाईल नष्ट झाली म्हणजे दोषसिद्धी नष्ट झाली असे होत नाही. पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत आणि संगणकावर ती राहते, आणि तुमच्याकडे तिचा शेवट दाखवणारा कागद तेवढा उरत नाही.

लोकअदालतीतल्या केसचा रोजनामा हातात आला की त्यातला शेवटचा परिच्छेद नीट वाचा. तिथे ‘तडजोडीमुळे आरोपींची मुक्तता’ अशा अर्थाचा मजकूर हवा. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण लोकअदालतीच्या दिवशी तडजोडीची प्रकरणे आणि गुन्हा कबुलीची प्रकरणे शेजारी-शेजारी निकाली निघतात, आणि आपली केस ‘आपसात मिटली’ असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्या माणसाच्या रोजनाम्यात प्रत्यक्षात ‘गुन्हा कबूल, दंड’ असे निघाल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

आता त्या ‘असेन’कडे येते. नकलांसोबत दहावीचे बोर्डाचे प्रमाणपत्र बाहेर काढा आणि त्यावरची जन्मतारीख फिर्यादीतल्या घटनेच्या तारखेशी ताडून पाहा. २०१७ ची गोकुळाष्टमी ऑगस्टच्या मध्यावर होती. त्या रात्री तुम्हाला अठरा वर्षे पूर्ण झालेली नसतील, एक दिवस जरी कमी असेल, तर तुम्ही कायद्याने बालक होता आणि तुमचा खटला त्या न्यायालयात चालायलाच नको होता. तो बाल न्याय मंडळापुढे जायला हवा होता. बाल न्याय अधिनियम २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, म्हणजे तुमच्या घटनेला तोच लागतो. त्याच्या कलम ९ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की आपण घटनेच्या वेळी बालक होतो हा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अगदी खटला अंतिमरीत्या निकाली निघाल्यानंतरही करता येतो, आणि दावा करणारा आज प्रौढ झाला आहे या कारणाने तो नाकारता येत नाही. दावा खरा ठरला तर न्यायालय प्रकरण मंडळाकडे पाठवते आणि आधी दिलेल्या शिक्षेचा काही परिणाम उरत नाही.

त्यापुढची वाट तर आणखी मोकळी आहे. याच अधिनियमाच्या कलम २४ नुसार मंडळाने ज्या बालकाचे प्रकरण हाताळले आहे त्याला त्या गुन्ह्यामुळे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि अपिलाची मुदत किंवा वाजवी काळ संपल्यावर संबंधित नोंदी नष्ट करण्याचा आदेश मंडळाने द्यायचा असतो. सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलांना प्रौढ म्हणून चालवण्याचा अपवाद अघोर गुन्ह्यांपुरता आहे. पत्त्यांच्या जुगाराशी त्याचा संबंध नाही. कलम ७४ तर पोलिसांना बजावते की प्रकरण बंद झालेल्या बालकाची नोंद चारित्र्य प्रमाणपत्रासाठी किंवा अन्य कारणासाठी उघड करायची नाही. तुम्ही विचारलेत ना, रेकॉर्ड कायमचे काढता येते का? आपल्या कायद्यात ते खऱ्या अर्थाने काढता येण्याची जागा ही एवढी एकच आहे, आणि तुम्ही कदाचित त्या जागेत उभे आहात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात निवड झालेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, अल्पवयात झालेल्या गुन्ह्यावरून नोकरी नाकारता येणार नाही असेच सांगितले आहे.

जन्मतारखेबाबत एक सावधगिरी. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख लावून टाकलेली कितीतरी माणसे आहेत. कायद्याच्या कलम ९४ नुसार वय ठरवताना आधी शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला पाहिला जातो, तो नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. म्हणून दहावीच्या प्रमाणपत्रावर जी तारीख आहे ती आपली, असे धरून चाला. ती गैरसोयीची निघाली म्हणून बदलून घेण्याच्या किंवा नवा दाखला ‘काढण्याच्या’ भानगडीत पडू नका. त्यातून जुगारापेक्षा कितीतरी गंभीर गुन्हा उभा राहील.

समजा, त्या रात्री तुम्ही अठरा पूर्ण केले होते. मग काय? तरीही एक दार उरते, जरा अरुंद असले तरी. अपराधी परिवीक्षा (म्हणजे प्रोबेशन) अधिनियम नावाचा १९५८ चा एक कायदा आहे. त्याच्या कलम ३ खाली, आधी कोणतीही शिक्षा न झालेल्या माणसाचा गुन्हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा असेल, तर न्यायालय त्याला दंड किंवा कैद न देता समज देऊन सोडू शकते. तुमचा गुन्हा बहुधा महाराष्ट्राच्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ (अ) चा, म्हणजे उघड्या सार्वजनिक जागी जुगार खेळण्याचा, असेल आणि तो त्यात सहज बसतो. आणि ज्याला या परिवीक्षा कायद्याच्या कलम ३ किंवा ४ खाली सोडले जाते, त्याला दोषसिद्धीमुळे येणारी कायदेशीर अपात्रता लागत नाही, असे त्याच कायद्याचे कलम १२ सांगते. त्या दिवशी तुमच्या वकिलांनी ‘दंड घ्या’ म्हणण्याऐवजी ‘पहिलाच गुन्हा आहे, वय कोवळे आहे, कलम ३ खाली समज देऊन सोडावे’ एवढे एक वाक्य उच्चारले असते, तर आज हे पत्र तुम्हाला लिहावे लागले नसते. पण याच कायद्याचे कलम ११ म्हणते की असा आदेश वरचे न्यायालयही, प्रकरण अपिलात किंवा पुनरीक्षणात (खालच्या न्यायालयाचा आदेश वरच्या न्यायालयाने तपासणे) आले असता, देऊ शकते. म्हणून सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करून, दोषसिद्धी रद्द करावी अशी आणि ते शक्य नसल्यास दंडाऐवजी कलम ३ चा लाभ द्यावा अशी, दोन्ही मागण्या एकाच अर्जात करता येतात. आता हा अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३८ खाली करावा लागेल.

इथे अडचणी आहेत, आणि त्या मी तुमच्यापासून लपवणार नाही. पुनरीक्षणाची मुदत ९० दिवसांची असते आणि तुमचा आदेश होऊन कित्येक वर्षे लोटली आहेत. विलंब माफीचा अर्ज सोबत द्यावा लागेल आणि ‘मला कबुलीचा अर्थ माहीत नव्हता’ एवढेच कारण न्यायालयाला पुरेल असे नाही. म्हणूनच तुमच्या कबुलीचा कागद मी मागायला लावला. समन्स खटल्यात, म्हणजे किरकोळ गुन्ह्यांच्या खटल्यात, आरोपीने कबुली दिली तर ती शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवली पाहिजे, असे जुन्या संहितेचे कलम २५२ सांगत होते. सगळ्याच मुलांच्या नावापुढे एकच छापील वाक्य असेल, किंवा आरोप काय आहे हे तुम्हाला सांगितल्याची नोंदच नसेल, तर विलंबाच्या प्रश्नालाही थोडे बळ येते. हे कागद पाहिल्याशिवाय कोणताही वकील ‘नक्की होईल’ म्हणत असेल तर त्याच्याकडून उठून या. दुसरी अडचण अशी की परिवीक्षा कायद्याचे कलम १२ अपात्रता दूर करते, दोषसिद्धी झालीच नव्हती असे म्हणत नाही. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या दूध योजनेतल्या एका रोखपाल कारकुनाचे प्रकरण आले होते. ५०० रुपयांच्या अपहाराची कबुली देऊन परिवीक्षेवर सुटलेल्या त्या माणसाला खात्याने बडतर्फ केले होते. न्यायालयाने सांगितले की कलम १२ मुळे खात्याचा कारवाईचा अधिकार जात नाही, पण ती कारवाई न्याय्य आणि प्रमाणशीर असली पाहिजे, आणि त्याला कामावर परत घेण्याचा आदेश दिला. ढाल आहे, पण ती संपूर्ण अंग झाकत नाही, हे लक्षात ठेवून तिच्यामागे उभे राहावे.

आता नमुना, ज्यासाठी तुम्ही मुळात पत्र लिहिले. साक्षांकन नमुन्यात प्रश्न एकच नसतो, त्याचे तुकडे केलेले असतात : कधी अटक झाली आहे काय, खटला चालला आहे काय, न्यायालयाने दंड केला आहे काय, दोषी ठरवले आहे काय, सध्या एखादे प्रकरण प्रलंबित आहे काय. प्रत्येक रकाना वेगळा वाचा आणि जे विचारले आहे त्याचेच, पण पूर्ण उत्तर द्या. दंडाच्या रकान्यापुढे ‘होय’ लिहून साध्या शब्दांत नोंदवा की २०१७ मध्ये जुगार कायद्याच्या कलम १२ (अ) खालील अमुक क्रमांकाच्या खटल्यात ३०० रुपये दंड झाला, तो त्याच दिवशी भरला, आदेशाची नक्कल जोडली आहे. खटल्याच्या रकान्यात दोन्ही क्रमांक द्या आणि २०२१ च्या प्रकरणापुढे तडजोडीने निर्दोष मुक्तता झाल्याचे लिहा. दोषी ठरवल्याच्या रकान्यात फक्त पहिले प्रकरण येईल. प्रलंबित प्रकरणापुढे ‘नाही’. अटकेच्या रकान्यात अंदाज नको; दोन्ही प्रकरणांत कागदावर अटक दाखवली आहे की नुसती नोटीस आहे ते दोषारोपपत्रात पाहून लिहा. बालक असल्याचा दावा तुम्ही करणार असाल तर तेही त्याच ठिकाणी लिहा आणि दहावीच्या प्रमाणपत्राची प्रत लावा. न्यायालयाचा आदेश येण्याआधीच स्वतःच्या अधिकारात ‘नाही’ लिहून मोकळे होऊ नका. नकला वेळेत मिळाल्या नाहीत तर नक्कल अर्जाची पोच जोडा आणि कागद मिळताच सादर करतो असे लेखी कळवा.

‘होय’ लिहिले की नोकरी गेली, अशी जी भीती तुमच्या पत्रात आहे ती मी समजू शकते, पण कायदा उलट दिशेने झुकलेला आहे. अवतार सिंग विरुद्ध भारत संघ या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हा सगळा विषय एकत्र मांडला. खरे सांगितले म्हणून नेमणूक द्यावीच लागते असे नाही, नेमणूक करणाऱ्याला पूर्ववृत्त तपासण्याचा अधिकार राहतो. परंतु कोवळ्या वयात दिलेल्या घोषणा किंवा तसाच एखादा किरकोळ गुन्हा असेल, आणि तो सांगितला असता तरी उमेदवार अपात्र ठरला नसता, तर तो दडवल्याची चूकही नेमणूक करणाऱ्याला माफ करता येते, असे त्यांनी म्हटले. जिथे दडवलेलेही माफ होऊ शकते तिथे उघड सांगितलेल्याची बाजू किती भक्कम असेल याचा विचार करा. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक तरुण आला होता. त्याचा दंड तुमच्यापेक्षाही कमी होता. त्याने सगळीकडे ‘नाही’ लिहिले, रुजू झाला, दहा महिने पगार घेतला, आणि मग पडताळणीचा अहवाल आला. त्याला मिळालेल्या नोटिशीत जुगाराबद्दल एक ओळ होती आणि खोट्या माहितीबद्दल दीड पान. (पोलीस भरतीत निकष अधिक कडक असतात आणि तडजोडीने झालेली मुक्तताही तिथे तपासली जाते, तुमचे पद त्या खात्यातले नाही, म्हणून त्यात खोल जात नाही.)

नमुना दिल्यावर पडताळणीचा कागद तुमच्या राहत्या भागातल्या पोलीस ठाण्यात येईल. तिथल्या संगणकावर तुमच्या नावापुढे गुन्हे नोंदल्याचे दिसेल. त्यांचा शेवट काय झाला हे दिसेलच असे नाही. खरे नुकसान बहुतेकदा इथे होते, कारण तडजोडीने सुटलेला माणूसही अहवालात नुसता ‘गुन्हा दाखल’ म्हणून जातो. म्हणून ज्या ठाण्यात गुन्हे नोंदले गेले तिथे दोन्ही आदेशांच्या नकला जोडून, अंतिम निकालाची नोंद घ्यावी असा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. महिन्याभरात काही झाले नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून नोंदीची सद्यःस्थिती विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. तो एजंट ४० हजारांत जे करतो म्हणतो त्यातले कायदेशीर असलेले सगळे काम एवढेच आहे, आणि ते तुम्ही नकलेच्या खर्चात स्वतः करू शकता. त्यापलीकडे तो जे काही करेल ती लाच असेल. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी होतो. कोणा कर्मचाऱ्याने स्वतः पैसे मागितले तर १०६४ या क्रमांकावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवा.

वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता, तिथे विनामूल्य वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते. पासपोर्टचे तुम्ही विचारलेले नाही, पण पुढेमागे लागेल म्हणून सांगून ठेवते : अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी किमान दोन वर्षांची कैद झाली असेल तर त्या कारणावरून पासपोर्ट नाकारता येतो. ३०० रुपयांचा दंड त्यात येत नाही.

आईबद्दल. पडताळणीसाठी पोलीस कर्मचारी घरी येतो, कधी शेजाऱ्यांकडेही विचारपूस करतो, आणि ज्या शेजाऱ्यांशी तुमची हातघाई झाली तेही तिथेच राहतात. त्या दुपारी तुम्ही कामावर असाल आणि दार आई उघडेल. गोकुळाष्टमीच्या रात्रीची गोष्ट तिला खाकी वर्दीतल्या अनोळखी माणसाकडून कळण्याऐवजी तुमच्याकडून कळावी. नमुना देण्याच्या आदल्या संध्याकाळी नक्कल तिच्यापुढे ठेवा आणि स्वतःच वाचून दाखवा. दहावीचे प्रमाणपत्रही बहुधा तिच्याच कपाटात असेल, तेव्हा ते मागण्याच्या निमित्तानेच विषय काढता येईल. त्यावरची जन्मतारीख आणि फिर्यादीतली घटनेची तारीख, एवढ्या दोन तारखा मला कळवा. तुमच्या प्रकरणात आधी बालक असल्याचा दावा करायचा की थेट पुनरीक्षणात जायचे, हे त्यावरून पुढच्याच आठवड्यात लिहिते.